एका छपराखालच्या चुली

नागपूरच्या नैऋत्येला प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर या पट्ट्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांनी प्लॉट घेऊन घरे बांधली, त्यांतले बहुतेक लोक आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. बँकेत, वीज मंडळात, महाविद्यालयांत, सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या केलेली ही माणसे. दीड हजार किंवा तीन हजार चौरस फुटांची जागा, पुढे कडुनिंब नाहीतर आंबा, आणि घराच्या बाजूने बाहेरूनच वर जाणारा जिना. हा बाहेरचा जिना मला या घरांतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. घर बांधले तेव्हा मुले शाळेतही जात नव्हती, तरी पुढे धाकट्याचे लग्न होईल, त्याचा संसार वरच्या माळ्यावर थाटला जाईल आणि दोन्ही संसारांना एकमेकांच्या दारातून न जाता ये-जा करता येईल, इतका लांबचा हिशेब बांधणाऱ्याने करून ठेवला होता.

त्या हिशेबात न बसलेले पुष्कळ काही नंतर घडले. आमच्या गल्लीत आज काही घरांच्या वरच्या माळ्यावर खरोखरच धाकटा मुलगा राहतो. काही ठिकाणी गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून शिकायला आलेल्या मुली रूम करून राहतात. काही माळे दिवाळीपुरते उघडतात, कारण मुले पुण्यात, हैदराबादेत किंवा त्याहून दूर आहेत. आणि काही घरेच बिल्डरला देऊन तिथे फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या आहेत. नकाशे जवळजवळ सारखेच होते. आत राहणाऱ्यांची वये विचारली, तर मात्र प्रत्येक घराची रचना निराळी निघते.

आपल्याकडे या विषयावरची चर्चा एकत्र कुटुंब चांगले की विभक्त, याच्याभोवती फिरत राहते. मला तो प्रश्न अपुरा वाटतो, कारण कोणीच जन्मभर एका प्रकारच्या कुटुंबात राहत नाही. विशीत माणूस एका रचनेत असतो, पस्तिशीत दुसऱ्या, साठीत तिसऱ्या. आणि एका रचनेतून दुसरीत जाण्याचा निर्णय बहुधा कोणी समोरासमोर बसून घेतलेला नसतो. लग्न, बदली, आजारपण, मृत्यू ही निमित्ते तो घेऊन टाकतात. असे निर्णय आधी बोलून घेतले जावेत, आणि ज्याच्या राहण्याचा प्रश्न आहे त्याने त्या बोलण्यात असावे, असे मला फार मनापासून वाटते. विशेषतः ती व्यक्ती स्त्री असेल तेव्हा.

इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात एका छपराखाली राहणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, मालमत्ता सामाईक असणे आणि कुळाचार एकत्र करणे या चार गोष्टी होत्या, आणि अर्थातच त्या माणसांचे आपसातले नाते. मी ती व्याख्या विद्यार्थिदशेत वाचली आणि परीक्षेपुरती लक्षात ठेवली. पुढे संसार करताना ध्यानात आले, की या चार गोष्टी एकत्र बांधलेल्या नसतात. त्या एकेक करून सुटतात, आणि कोणती आधी सुटेल हे बरेचसे वयावर ठरते.

आमच्याच घरात चूल आधी वेगळी झाली. दीर-जाऊबाईंची मुले शाळेत जाऊ लागली, त्यांच्या डब्यांच्या वेळा आणि आमच्या जेवणाच्या वेळा जुळेनात, तेव्हा वर ओटा बांधला गेला. पुढे वरचा गॅस वेगळा आला, विजेचे मीटर वेगळे झाले, रेशनकार्ड वेगळे झाले. भांडण काही नव्हते. तरी सासूबाईंना ते कित्येक महिने बोचत राहिले, कारण त्यांच्या पिढीत चूल वेगळी होणे म्हणजे सगळेच वेगळे होणे होते. आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीची सरकारी नोंद, मात्र एकच राहिली. सासऱ्यांच्या पश्चात तिच्यावर सासूबाई, दोन मुलगे आणि एक मुलगी अशी चार नावे लागली. आणि महालक्ष्म्या खालीच राहिल्या. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात त्या तीन दिवसांत वरचा ओटा थंड असतो. सोळा भाज्यांची निवडणूक, पुरण, आंबील, सगळे खाली होते. जाऊबाई पहाटेच खाली येतात आणि पुरणाचे काम कोणाला करू देत नाहीत. ओळखीतल्या काही कुटुंबांत भावांनी महालक्ष्म्यासुद्धा वेगळ्या मांडल्या, आणि त्या वर्षी घरातल्या वडीलधाऱ्यांना जे वाटले ते चूल वेगळी होताना वाटले नव्हते. विदर्भातल्या घरांत कुटुंब खरोखर कुठे तुटले, याचा पत्ता मला वाटते तिथे लागतो.

भारताची जनगणना मात्र चुलीवरून कुटुंब मोजते. जे लोक एरवी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवतात ते एक कुटुंब. त्यांच्यात रक्ताचे नाते असलेच पाहिजे असे नाही. शिक्षिका म्हणून २०११ च्या जनगणनेचे काम माझ्याकडे आले होते. त्या घरांत काय ऐकले ते कायद्याने गोपनीय आहे आणि गोपनीयच राहील. पण त्या प्रश्नावलीने मला विचार करायला लावले, एवढे सांगायला हरकत नाही. घरात राहण्याच्या खोल्या किती आणि विवाहित जोडपी किती, हे घरयादीच्या वेळी शेजारी-शेजारीच विचारले जाते, आणि या दोन आकड्यांच्या मध्ये किती मोठे संसार दडलेले असतात हे दोन खोल्यांत तीन जोडपी राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्या व्याख्येनुसार पाहिले, तर २००१ मध्ये देशातले सरासरी कुटुंब ५.३ माणसांचे होते, २०११ मध्ये ते सुमारे ४.९ झाले. आमचे घर या हिशेबात दोन कुटुंबे म्हणून गेले. सरासरी खाली येते ती काही अंशी अशा वरच्या ओट्यांमुळे, आणि त्या ओट्यापर्यंतचे अंतर एका जिन्याचे असते हे आकड्यात उतरत नाही.

आमचा मुलगा पुण्याला वाकडमध्ये दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो. स्वयंपाकाला मावशी येतात. जनगणनेच्या दृष्टीने ते तिघे एक कुटुंब आहेत, आणि तो आमच्या कुटुंबात नाही. अमेरिकेतल्या जनगणना विभागाच्या नेहमीच्या पाहणीत याच्या उलट पद्धत आहे: वसतिगृहात राहणारा महाविद्यालयीन विद्यार्थी तिथे आईवडिलांच्या घरी राहणारा म्हणून धरला जातो. युरोपात आईवडिलांचे घर सोडण्याचे सरासरी वय फिनलंडमध्ये एकविसाच्या आसपास आहे, तर क्रोएशियात तिशी ओलांडल्यावर. असे आकडे वाचले की आपल्याकडे लगेच संस्कारांची तुलना सुरू होते. त्यामागे घरभाडे, विद्यार्थ्यांना मिळणारे सरकारी साहाय्य आणि पहिल्या नोकरीचा पगार या गोष्टी फार मोठ्या असतात, आणि त्या नागपुरातही तितक्याच मोठ्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या गल्लीतली पुण्या-बंगळुरूची मुले परत आली, आपापल्या जुन्या खोल्यांत लॅपटॉप मांडून बसली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतले १८ ते २९ वयाचे निम्म्याहून अधिक तरुण आईवडिलांकडे राहत असल्याचे तिथल्या प्यू संशोधन केंद्राने नोंदवले. दोन्हीकडे कारण एकच होते.

मुले परत गेली तेव्हा घरे पुन्हा रिकामी झाली, पण पूर्ण रिकामी नाही. शहरातली मुले बाहेर जातात तशी बाहेरची मुले या शहरात येतात. कोणी अभियांत्रिकीला, कोणी मेडिकलला, पुष्कळजण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला. राज्य सरकारची स्वाधार योजना अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना राहण्या-जेवणासाठी पैसे देते, आणि त्या पैशांतून घेतलेल्या कितीतरी खोल्या अशा उतारवयातल्या जोडप्यांच्या घरांत आहेत. आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहिलेल्या मुलींनी सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले आहेत, त्यांची पेन्शन काढून आणली आहे. त्यांना या घरातल्या म्हणावे असे कोणत्याही नोंदीत नाही. त्यांच्याकडून भाडे घेतले जात होते आणि तो व्यवहार स्वच्छ होता. तरीही ऐंशीतल्या बाईला आणि विशीतल्या मुलीला एकाच अंगणात राहायला मिळणे ही दोघींच्या वयाची गरज होती, आणि ती भागली.

पंचविशी-तिशीतल्या मुलग्याने घर सोडले की आपण नोकरी कुठली ते विचारतो. मुलीने सोडले की लग्न कुठे झाले ते विचारतो, आणि आकडेही तसेच आहेत. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांनी लग्न हे कारण दिले. म्हणजे या देशातल्या बहुसंख्य स्त्रियांच्या आयुष्यातला राहण्याचा सर्वांत मोठा बदल विशीत किंवा पंचविशीत होतो, आणि त्यानंतर ती जिथे राहील ते छप्पर दुसऱ्या कोणाचे तरी असते. कायद्यानेही हे फार काळ मान्य केले होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीला वाटा होता. पण मुलगे स्वतः वाटणी करत नाहीत तोवर तिला वाटणी मागता येत नव्हती, आणि त्या घरात राहण्याचा हक्क तिला फक्त अविवाहित, पतीने टाकलेली, पतीपासून वेगळी झालेली किंवा विधवा असेल तरच होता. हे कलम २००५ मध्ये गेले. व्यवहारात त्याची जागा हक्कसोडपत्राने घेतली आहे. वडिलांचे दिवसकार्य झाले, की काही महिन्यांत भाऊ कागद घेऊन येतो, बहीण माहेर तुटू नये म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सही करते, आणि त्या सहीने ती नेमके ते माहेर कागदावर सोडून देते. चाळिशीत केलेल्या त्या सहीचा अर्थ साठीत कळतो, कारण राहायचे कुठे हा प्रश्न तेव्हा पुन्हा उभा राहतो.

आमच्या घरात सासूबाईंनी हे होऊ दिले नाही. नणंदबाई अमरावतीला असतात. सासरे गेल्यावर त्या स्वतःच सही करायला तयार होत्या, पण सासूबाई म्हणाल्या, "तिचे नाव राहू द्या. कागदावरचे नाव कोणाला जेवायला मागत नाही." त्या शिकलेल्या चौथीपर्यंत. कायद्याच्या पुस्तकात जे नव्हते ते त्यांनी आपल्या दोन बहिणींच्या वाट्याला आलेले पाहिले होते.

फ्लॅट स्कीमबद्दल थोडेच सांगते. जुने घर बिल्डरला दिले की दोन भावांना दोन फ्लॅट मिळतात, वर थोडी रक्कम मिळते, आणि चूल, छप्पर, मालमत्ता एकाच करारनाम्यात सुटी होतात. पन्नाशीतल्या भावांना ते सोयीचे असते. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी मात्र तिसरा फ्लॅट क्वचितच ठरतो. ते 'आमच्याकडेच तर राहतील' असे गृहीत धरलेले असते, आणि 'आमच्याकडे' म्हणजे कोणाकडे हे करारात लिहिलेले नसते. तिथून पाळी सुरू होते. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. याहून वाईट म्हणजे आई एकीकडे आणि वडील दुसरीकडे. पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याला सोयीखातर असे वेगळे करणे मला क्रूर वाटते, आणि करणारी माणसे चांगली आहेत म्हणून त्या गोष्टीचे क्रौर्य कमी होत नाही. त्या दोघांना विचारले असते, तर त्यांनी एक खोली मागितली असती आणि दोघांनी त्यात राहायचे ठरवले असते. पाळीच्या मधल्या दिवसांत औषधांची पिशवी, चष्म्याचे घर आणि देवघरातला बाळकृष्ण घेऊन रिक्षात बसलेली आजी मी पाहिली आहे. त्या वयात कपाट न बदलण्याची मुभा हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

पूर्वी म्हातारपणी सगळे सांभाळले जात होते, असे सहज म्हटले जाते. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते; आज ते सत्तरच्या घरात आहे. जुन्या सरासरीत बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे, पण साठीच्या मुलाने पंच्याऐंशीच्या आईला सांभाळणे हे त्या काळात फार थोड्या घरांत घडत होते. आता ते गल्लीगल्लीत घडते आहे. तीन पिढ्यांचे एकत्र जगणे लांबले आहे, आणि दोन म्हाताऱ्या पिढ्यांचे एकमेकींना सांभाळणे ही अगदी नवी गोष्ट आहे, जिच्यासाठी आपल्याकडे तयार रीत नाही. माझ्या पतींचे गुडघे त्यांच्या आईच्या गुडघ्यांइतकेच दुखतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कूलरमध्ये पाणी कोणी भरायचे, हा आमच्याकडे खराखुरा प्रश्न असतो.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने वृद्धांविषयी २०१७-१८ मध्ये जी मोठी पाहणी केली, तिच्यात साठीपुढचे सुमारे सहा टक्के लोक अगदी एकटे आणि सुमारे वीस टक्के फक्त जोडीदारासह राहताना आढळले. उरलेल्यांपैकी बहुतेक मुलांबरोबर होते. दोघे-दोघे राहणाऱ्यांचा हा गट मला सर्वांत विचारात पाडतो, कारण ही व्यवस्था दोघांपैकी एक जाईपर्यंतच चालते, आणि मागे राहते ती बहुधा बाई. नवरा वयाने मोठा असतो आणि बायका जास्त जगतात. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या विधवा होत्या. पुरुषांत विधुरांचे प्रमाण त्याच्या कितीतरी खाली होते. म्हणून म्हातारपणी कोण कुठे राहील हा प्रश्न मुख्यतः स्त्रियांचा आहे, आणि त्यावरचे निर्णय मुख्यतः मुलगे घेतात.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच टाकली आहे, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळले नाही तर परत मिळण्याची सोयही केली आहे. कायद्यात मुलगी आली, रूढीत ती अजून आलेली नाही. मुलीच्या घरी राहणे म्हणजे कमीपणा, ही समजूत माझ्या आईच्या पिढीत फार खोल आहे. याच नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी, स्वतः अगदी तरुणपणी वैधव्य आलेले असताना, १९२१ मध्ये मातृ सेवा संघ उभा केला. ज्यांना घराने जागा ठेवली नव्हती अशा स्त्रियांना तिथे काम, मान आणि छप्पर मिळाले. संस्था पुढे वृद्धाश्रमही चालवू लागली. आई एकदा मला म्हणाली होती, की मुलीकडे राहण्यापेक्षा तिथे राहीन, कारण तिथे आपण कोणाच्या सासरी नसतो. मला ते लागले, पण तिचे म्हणणे चुकीचे नव्हते.

आई वर्ध्याला एकटी राहते. भाऊ बंगळुरूला आहे, त्याचे घर दहाव्या मजल्यावर आहे, आणि तिथे तिच्याशी दुपारी बोलायला कोणी नाही. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात घसरली, तेव्हा शेजारच्या काकूंना आवाज ऐकू गेला म्हणून निभावले. त्यानंतर आमच्या मागच्या दोन खोल्यांचा विषय मी काढला. तिथल्या मुलींची शेवटची परीक्षा उन्हाळ्यात होणार होती. खोल्या तळमजल्यावर आहेत, दार वेगळे आहे, छोटा ओटा आहे. आईने पुष्कळ दिवस काही उत्तर दिले नाही. मग तिच्या अटी आल्या: मुली जेवढे भाडे देत होत्या तेवढे ती देणार, गॅस तिचा वेगळा असणार, आणि माझ्या सासूबाईंनी स्वतः होकार दिल्याशिवाय ती येणार नाही. सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, या. दुपारी मला पोथी वाचून दाखवायला कोणी नाही." दिरांची हरकत नव्हती. नणंदबाईंचेही नाव घरावर आहे, म्हणून त्यांनाही विचारले. त्यांनी लगेच हो म्हटले, आणि थोडे थांबून म्हणाल्या, की पुढेमागे मलाही त्या खोल्या लागतील, हे आताच सांगून ठेवते. इतके सरळ बोलणे आमच्या घरात या विषयावर आधी कोणी केले नव्हते. मला त्यांचा अभिमान वाटला.

२०२७ च्या जनगणनेत आमच्या अंगणात तीन कुटुंबे मोजली जातील, आणि त्यांपैकी एकाची प्रमुख माझी आई असेल.

भाऊ दिवाळीला यायचा आहे. वर्ध्याचे घर विकायचे की भाड्याने द्यायचे, ते पैसे कोणाच्या खात्यात राहतील, आईच्या महालक्ष्म्या आता भावाकडे गेल्या आहेत त्या तीन दिवसांत ती बंगळुरूला जाणार की इथे खाली बसणार, हे सगळे तेव्हा बोलायचे ठरले आहे, आणि ते तिच्या खोलीत, तिच्यासमोर बोलायचे आहे. तिने मुद्दे कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवले आहेत. सर्वांत वर लिहिले आहे, की मी अंथरुणाला खिळले तर रात्री जवळ कोण राहील, बाई ठेवली तर तिचे पैसे कोण देईल. भावाने फोनवर त्याचे उत्तर अजून दिलेले नाही. जाऊबाईंनी मात्र मंगळवार आणि शुक्रवार आपल्याकडे घेतले आहेत.